फळीवरचा डॅम्पर

मित्रांनो, मी एक जुना डॅम्पर आहे. नाव ऐकून तुम्ही गोंधळला असाल, कारण मी गाडीच्या पोटाखाली राहतो आणि पोटाखाली वाकून बघायची हौस फार थोड्यांना असते. हातभर लांबीची लोखंडी नळी, आत तेल आणि त्या तेलातून सावकाश आत-बाहेर होणारा एक दांडा, एवढाच माझा देह. दगडधोंड्यांतून चालणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांना धक्का बसला की तो स्टिअरिंगपर्यंत जाऊ नये म्हणून मला तिथे आडवा बसवतात. धक्के गिळायचे आणि तोंडातून ब्र काढायचा नाही, हे माझं काम.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्यासारखे हजार भाऊ एका रांगेत उभे होते, पण कोणाची कोणाशी ओळख झाली नाही. खोक्यात घातलं, झाकण चिकटवलं, आणि खोकं उघडलं ते थेट एका पत्र्याच्या गॅरेजात. तिथे दोन माणसं होती. मोठी बहीण आणि तिचा धाकटा भाऊ. तो तिला ताई म्हणायचा. ती त्याला छोटू म्हणायची. छोटूच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, पण ताईपुढे त्याचा इलाज नव्हता.

त्यांच्याकडे एक हिरवी डोंगरगाडी होती. चिखलात रुतलेल्या, ओढ्यात अडकलेल्या गाड्यांना ओढून काढणं हा त्यांचा धंदा. मला त्याच गाडीला बसवलं. पहिल्याच फेरीनंतर ताईने खाली वाकून मला थोपटलं आणि म्हणाली, "लोण्यासारखी चालतेय रे!" मित्रांनो, नऊ वर्षं मी त्या एका वाक्यावर काढली. कौतुक करणारं माणूस एकच असलं तरी पुरतं.

त्या दोघांची एक पद्धत होती. पुढच्या भागात काही ढिलं वाटलं की गाडी जॅकवर चढवायची नाही. चाकं जमिनीवरच ठेवायची. ताई वर बसून इंजिन चालू करायची आणि स्टिअरिंग जरा डावीकडे, जरा उजवीकडे हलवायची. छोटू खाली पाठीवर झोपून एकेका सांध्यावर तळहात ठेवायचा. ज्या सांध्यात ढिलाई असेल तो हाताखाली टकटक करतो. डोळ्यांना दिसत नाही ते तळहाताला कळतं. "हं ताई, हलव," तो म्हणायचा, आणि ती हलवायची.

नवव्या वर्षी गाडीच्या पुढच्या अंगात दुखणं शिरलं. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि पुढच्या दोन चाकांमधला अ‍ॅक्सल यांना जोडणारा एक आडवा दांडा असतो. त्याच्या बोल्टाचं भोक झिजून मोठं झालं होतं. प्रत्येक खड्ड्याला अ‍ॅक्सल केसभर सरकायचा आणि चाकं थरथरायची. ती सगळी थरथर मी गिळली. एक दिवस नाही, पाच महिने. मला वाटायचं, मी केवढा कर्तबगार! आता वाटतं, मी तेव्हा गप्प बसायला नको होतं. पण डॅम्परला गप्प बसण्याशिवाय दुसरं काय येतं?

ताईला मात्र शंका आली. महिनाभर ती तेच सांगत होती. "छोटू, प्ले आहे कुठेतरी, सांधा ढिला झालाय. तू खाली झोप, मी हलवते."

"डॅम्पर थकला असेल गं. पुढच्या आठवड्यात बघू."

तो पुढचा आठवडा उजाडलाच नाही. एका पुलावर, जिथे काँक्रीटला सांधा होता, तिथे चाकाने उडी घेतली आणि स्टिअरिंगच्या अंगात आल्यासारखं झालं. माझ्या आवाक्याबाहेरची गोष्ट होती ती. काच, दारं, सीटं, सगळं खडखडू लागलं. छोटूने वेग हळूहळू कमी करत गाडी थांबवली, तेवढं त्याने शहाणपणाने केलं. पण शेजारी बसलेल्या ताईचं मनगट दाराच्या दांड्यावर आपटून मोडलं.

गॅरेजात आल्यावर छोटूने पहिलं काय केलं असेल? मला उपसून काढलं. "हा गेला होता. याच्यामुळेच झालं," तो म्हणाला. चोर सोडून संन्याशाला फाशी! ताई प्लास्टरमधला हात छातीशी धरून उभी होती.

"त्याला नुसता दाबून तरी बघितलास का?"

"बघायचंय काय त्यात? नवा मागवलाय."

"मी महिनाभर सांगत होते, छोटू."

त्याने पाना पुसायला घेतला. चुकलं माझं, एवढंच म्हणायचं होतं. जड पहार लीलया उचलणाऱ्या माणसाला तेवढं उचलता आलं नाही. ताई लेकीकडे राहायला निघून गेली, आणि मी फळीवर गेलो, गंजलेल्या साखळीच्या आणि फुटक्या आरशाच्या मध्ये.

फळीवरून पूर्ण गॅरेज दिसतं. दोन वर्षं मी तेच बघितलं. नवा डॅम्पर आला, थरथर थांबली, छोटू खूश झाला. दोन महिन्यांनी थरथर परत आली. मग टायर बदलले, चाकं बॅलन्स केली, सांधे नवे घातले. जॅकवर चढवून त्याने बोल्ट ओढून बघितले, सगळे घट्ट. घट्टच असणार! चाकं हवेत लोंबकळत असताना अंगावर वजन नसतं, आणि वजन नसलं की हे दुखणं दडी मारतं. मी फळीवरून ओरडत होतो, पण माझ्या ओरडण्याला आवाज नाही.

मग त्याने गाडी खाली उतरवली. वर बसून स्टिअरिंग हलवायचा, आणि धावत येऊन खाली सरपटायचा. तो खाली पोचेपर्यंत चाकं शांत. परत वर, परत खाली. शेजारच्या वेल्डरने हे बघून विचारलं, "लपाछपी खेळतोस का रे?" छोटू हसला नाही, आणि तू वर बसतोस का, असंही त्याने विचारलं नाही.

"मोडून टाकतो ही गाडी. सुटे भाग तरी कामाला येतील," तो म्हणाला. गाडी गेली असती तर ताईने या गॅरेजात यायचं कारणच उरलं नसतं.

भाग सुटे करायला म्हणून एका दुपारी तो गाडीखाली पाठीवर झोपला. हात वर केला, आडव्या दांड्याच्या सांध्यावर तळहात टेकवला आणि जुन्या सवयीने म्हणाला, "हं ताई, हलव."

वरची सीट रिकामी होती.

मला फक्त त्याचे बूट दिसत होते, आणि ते हलत नव्हते. मित्रांनो, फळीवरचा एकटेपणा मी सोसला होता, पण ते बूट बघवेनात. मग तो बाहेर आला, हात पुसले आणि फोन लावला. "ताई," तो म्हणाला, "गाडीची चाकं जमिनीवर आहेत. वर बसायला माणूस नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आली. मनगट जरा वाकडंच राहिलं होतं. तिने ना त्याच्याकडे बघितलं, ना माझ्याकडे. सरळ सीटवर चढली आणि इंजिन चालू केलं.

"हलवू?"

"हलव. थोडंसंच." आणि लगेच, "थांब! परत एकदा. सापडलं, ताई! बोल्ट घट्ट आहे, पण भोक अंड्यासारखं झालंय."

गाडीखालून पुन्हा आवाज आला, जरा हळू. "तू सांगत होतीस. मी ऐकलं नाही. चुकलं माझं."

ताईने इंजिन बंद केलं. "काय म्हणालास?"

"ऐकलंस तू."

"इंजिनचा आवाज होता."

छोटूने ते पुन्हा म्हटलं, या वेळी मोठ्याने. ताईने डोळे पुसले आणि वरून ओरडली, "मग आता वेल्डरला बोलाव, का मुहूर्त बघायचाय?"

भोकावर जाड वॉशर वेल्ड झाला, नवा बोल्ट बसला, आणि चाकं जमिनीवर ठेवूनच तो आवळला गेला. मग ताई म्हणाली, "नवा डॅम्पर काढ. त्याच्याशिवाय पुलावर नेऊ. दुखणं खरंच गेलं असेल तर कळेल." दोघं गेले. गॅरेजात मी एकटा उरलो. एवढ्या आतुरतेने मी कशाचीच वाट पाहिली नव्हती. तासाभराने गाडीचा आवाज आला, आणि त्याहून वर दोघांच्या भांडणाचा. गाडी कोणी चालवायची यावरून चाललं होतं. गाडी सरळ चालली होती, डॅम्परशिवाय. मला फार आनंद झाला, आणि खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटलं.

ताईची नजर फळीवर गेली. तिने मला उतरवून दोन्ही हातांनी दाबलं. मी पूर्वीसारखाच सावकाश आत गेलो, सावकाश बाहेर आलो. "हा तर ठणठणीत आहे रे!" ती म्हणाली. छोटूने मान खाली घातली. गाडीला नवाच डॅम्पर परत बसला, तेच योग्य होतं. मला पुसून, तेलाचा हात लावून ताईने फळीवर ठेवलं, पण साखळीजवळ नाही, खिडकीपाशी. आता ती गुरुवारी येते. बाकीचे सहा दिवस मी रस्ता बघतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कोणी निमूट धक्के गिळत असेल तर त्याला कर्तबगार म्हणून सोडून देऊ नका, जरा वाकून खाली बघा. आणि कधी कोणी तुम्हाला म्हणालं, "जरा वर बसून हलव," तर हातातलं काम ठेवा आणि जा.