लहरीबाबांची गादी आणि सतरा नंबर

कंट्रोल रूमच्या दारापासून जिन्यापर्यंत रांग लागली होती. पोलीस, अग्निशमनवाले, ॲम्ब्युलन्सचे ड्रायव्हर, सगळे आपापला वायरलेस सेट छातीशी धरून उभे, तान्ह्या बाळाला लस टोचायला आणल्यासारखे. आत खिडकीशी जाड गादीवर लहरीबाबा बसले होते. ते बसले की तिन्ही खात्यांचं सामाईक चॅनल बंद पडायचं आणि सेटांमधून नुसतं खोल "गुर्रर्र" ऐकू यायचं. ते उठले की चॅनल मोकळं!

"रेडिओच्या लहरी जखमी आहेत," बाबा सांगत. "ही नवीन वायरलेस यंत्रणा आणलीय, ती म्हणजे जखमेवर मीठ. मी बसतो तेव्हा त्यांचं दुखणं ओढून घेतो. उठतो तेव्हा त्या बऱ्या होतात."

"मग परत आजारी कशा पडतात?" वायरलेसवरच्या वहिनींनी विचारलं. त्यांचा नवरा आगीच्या गाडीवर होता, म्हणून अख्खं ऑफिस त्यांना वहिनीच म्हणायचं.

"मी परत बसतो ना!"

रांगेने भक्तिभावाने माना डोलावल्या. वहिनींनी कपाळाला हात लावला.

कंट्रोल रूमच्या साहेबांनी तर कहरच केला. नवीन यंत्रणा खोक्यातच ठेवून त्यांनी बाबांना 'लहर-सल्लागार' नेमलं आणि परिपत्रक काढलं: संदेश बाबा उभे असतानाच द्यावेत. बाबांचे गुडघे दुखायचे. त्यामुळे आग, अपघात आणि चोरी दिवसातून तीनदाच कळवायची सोय झाली. संध्याकाळी बाबा गादी काखोटीला मारून घरी न्यायचे. तिलाही म्हणे विश्रांती लागते!

बाबा आल्यापासून आठव्या दिवशी वहिनींचं डोकं फिरलं. त्यांनी एक खोकं उघडलं आणि आतला स्क्रीन जोडून टाकला. बोलायचं बटण कुठल्या सेटवर दाबलंय, त्याचा नंबर तो दाखवायचा. जुने सेट हा नंबर कधीपासून पाठवत होते, पण तो दाखवणारं काहीच तिथे नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. सकाळपासून जळणाऱ्या गोदामाचा वॉचमन ओरडत होता, "छप्पर वाकलंय! तुमची माणसं आत आहेत!"

वहिनींनी बटण दाबलं. "गाडी दोन, बाहेर या!"

गुर्रर्र.

"बाबा, उठा!"

"ध्यान लागलंय. अर्धा तास."

"साहेब, माझा नवरा आत आहे हो!"

"वहिनी, श्रद्धा ठेवा," साहेब म्हणाले.

वहिनी परत स्क्रीनकडे वळल्या. स्क्रीनवर सतरा नंबर चमकत होता. सतरा? तो सेट तर आठ दिवसांपूर्वी स्टोअरमधून हरवला होता! बाबांनी कंबर खाजवायला जरा अंग उचललं. सतरा गेला. बाबा टेकले. सतरा आला.

वहिनींनी गादीचं टोक धरून असा हिसका दिला, की बाबा "आई गं!" करत फरशीवर आले. उसवलेल्या शिवणीतून सेट घरंगळला.

"बाहेर या! छप्पर पडतंय! बाहेर या!"

वहिनींनी बटण सोडून स्पीकरला कान लावला. मग धापा टाकणारा तो ओळखीचा आवाज आला. "सगळे बाहेर आलोय. आत्ताच कोसळलं."

वहिनी ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी सतरा नंबर साहेबांच्या टेबलावर आपटला. "सामाईक चॅनलवर एकाने बटण दाबून धरलं की बाकीच्यांची तोंडं बंद. हे बटण बाबा बसून दाबत होते. आणि गादीची विश्रांती म्हणजे रात्रीचं चार्जिंग!"

"पण... तो गंभीर नाद?" साहेबांनी चाचरत विचारलं.

फरशीवर बसलेल्या बाबांच्या पोटातून आवाज आला. गुर्रर्र.

रांग खो खो हसत सुटली. वहिनी हसल्या नाहीत.

"हसताय काय? एक मिनिट उशीर झाला असता, तर आज गाडी दोनवरचे पाच जण घरी आले नसते. आठ दिवस तुम्ही सगळे इथे हात जोडून उभे होतात. त्यातल्या एकाने तरी त्याच हातांनी गादी उचलून बघायची होती!"