तिसऱ्यातून दुसऱ्यात

घाटकोपरच्या पश्चिमेला, टेकडीच्या जरा वरच्या अंगाला, ‘गिरिशिखर’ नावाची सहकारी गृहनिर्माण संस्था होती. शिखर तिथून अजून बरंच वर होतं, पण नोंदणीच्या वेळी टेकडीचं म्हणणं कोणी विचारलं नव्हतं. हवा उत्तम. खिडकीतून पवईकडची झाडी दिसायची. दिवाळीत लोक मान वर करून फटाके बघतात, गिरिशिखरवाले मान खाली करून बघायचे. एकच गोष्ट वर यायला तयार नव्हती, ती म्हणजे पाणी. नळाचं पाणी चढाच्या पायथ्यापर्यंत यायचं, वर बघायचं आणि विचार बदलायचं.

म्हणून संस्थेने एक जुनी जीप पिकअप घेतली आणि चारकोपच्या एका शेडमध्ये दोन चाकांवर लोखंडी टाकी बांधून घेऊन ती मागे हुकाला जोडली. पायथ्याच्या भाऊरावांच्या विहिरीवर टाकी भरायची आणि ओढत वर आणायची. स्वतःचा टँकर असलेली दुसरी सोसायटी अख्ख्या उपनगरांत नाही, असं श्यामकांत कारखानीस सांगत. ते खोटं ठरवण्यासाठी मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत हिंडायला कोणाला सवड नव्हती, त्यामुळे ते खरंच होतं.

गाडीची कल्पना कारखानिसांची. निवड त्यांची. तिच्यावर हिरवा रंग लावायचा आग्रहही त्यांचाच. पगारी ड्रायव्हर दोन येऊन गेले. एकाला चढ मानवला नाही, दुसऱ्याला कमिटी. मग कारखानिसांनी स्वतःच चाक हातात घेतलं. दिवसा ते सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, पण सकाळी ऑफिसला जायच्या आधी, खाकी हाफपँट घालून, ते संस्थेचं पाणी ओढायचे. तरुणपणी त्यांनी होमगार्डमध्ये ट्रक चालवला होता, आणि तिथे शिकलेला डबल क्लच हा त्यांच्या आयुष्यातला एकमेव असा गुण होता, ज्याबद्दल त्यांच्या बायकोनेही कधी शंका काढली नव्हती. खालच्या गिअरमध्ये येताना क्लच दाबून आधी न्यूट्रल, मग जरा रेस, मग पुन्हा क्लच आणि गिअर. लोणी कापल्यासारखा पडतो.

“गिअर पडला हे गाडीला कळलं पाहिजे,” ते सांगत. “बसणाऱ्याला कळला म्हणजे ड्रायव्हर नापास.”

या हिशेबाने गेला महिनाभर कारखानीस रोज नापास होत होते.

चढ सुरू होतो तिथे लवूचं दूध केंद्र होतं. तिथवर गाडी तिसऱ्यात छान यायची. केंद्रापाशी तिसऱ्यातून दुसऱ्यात यावं लागे. कारखानीस सगळं रीतसर करत. न्यूट्रल, रेस, क्लच, गिअर. आणि क्लचवरून पाय उचलला की मागून कोणीतरी गाडीची शेंडी धरून ओढल्यासारखा धक्का बसे. खाड्! मान मागे, चष्मा पुढे. लगेच दुसरा धक्का उलट्या बाजूने. केंद्रातल्या बाटल्या एकमेकींवर आपटून किणकिणत. दुधाच्या रांगेतल्या बायका हिरवी जीप दिसली की आपापल्या बाटल्या पोटाशी धरत. लवू तर क्रेटवर आडवाच पडायचा, पोरगं पडू नये म्हणून आईने हात घालावा तसा.

“काय काका,” तो म्हणायचा, “आज तर एक नंबर झटका होता. कालचा बरा होता.”

वरच्या पिंपळाच्या वळणावर दुसऱ्यातून पहिल्यात येताना हाच कार्यक्रम पुन्हा. तिथे प्रेक्षक नसत, एवढाच फरक.

आता यात सांगण्यासारखी गोष्ट अशी की, टाकी कधी पूर्ण भरलेली नसायची. पगारी ड्रायव्हरांच्या काळात भरायची, आणि तेव्हाही गिअर करकरायचे, थोडा धक्का बसायचा. कारखानिसांनी गाडी हातात घेतली त्याच आठवड्यात कमिटीपुढे त्रैराशिक मांडलं होतं. पूर्ण टाकीला पूर्ण ताण, तर अर्ध्या टाकीला किती? कमिटीत दोन शाळामास्तर, एक बँकवाले आणि एक निवृत्त ओव्हरसीयर होते. उत्तर सगळ्यांचं बरोबर आलं. टाकी निम्मीच भरावी आणि दोन खेपा कराव्यात, असा ठराव एकमताने झाला. धक्का मात्र निम्मा झाला नाही. तो दुप्पट झाला. पण ठराव एकमताचा होता, त्यामुळे दोष ठरावात नसणार हे उघड होतं. तो गाडीत शोधायचा होता.

गाडीतला दोष शोधायला पायथ्याशीच काशीराम मेस्त्री होता. मालवणचा. कोकणातून आला तो गिरणीच्या खात्यात, गिरणी गेली तेव्हा पान्हा हातात घेतला. त्याच्या मते नवी मारुती ही गाडी नव्हती, खेळणं होतं. जीपबद्दल त्याला आदर होता. त्याने गिअरबॉक्स दोनदा उतरवला, प्रत्येक दात कापडाने पुसला, दाट तेल घातलं आणि निकाल दिला.

“सायबानू, ह्या गिअरबॉक्साक काय्येक झाला नाय. माझो हात लागलो म्हणजे इषय संपलो.”

“मग धक्का कशाने बसतो?”

काशीरामने त्यांच्या खाकी हाफपँटकडे बघितलं. “आता मी काय बोलू? चलवणाऱ्याचो पण हात आसता ना.”

कारखानीस त्या दिवशी चहा न घेता ऑफिसला गेले.

“अहो, गाडी आहे ती. बसतात धक्के,” मृणालिनीबाई म्हणाल्या. “बेस्टच्या बसमध्ये बसत नाहीत का?”

“बेस्टच्या ड्रायव्हरला डबल क्लच येत असेल नसेल. मला येतो.”

“बरं, येतो. पोहे गार होतायत.”

गुरुवारच्या धक्क्याने कळस केला. हुकाचा खिळा वाकला, टाकी जागेवरच तिरकी झाली, आणि लवूचा एक अख्खा क्रेट उताराला लागला. शुक्रवारी जिन्यातल्या फळ्यावर सेक्रेटरी नंदकिशोर टिपणिसांच्या सुबक अक्षरात सूचना आली. रविवारी विशेष सभा. विषय एकच : वाहन विकून टाकणे.

टिपणीस वाईट माणूस नव्हता. फक्त त्याला वाटे की जे कागदावर नाही ते घडलेलं नसतं, आणि जे कागदावर आहे ते घडल्यावाचून राहत नाही. जिन्यात त्याने कारखानिसांना गाठलं.

“कारखानीस, मनाला लावून घेऊ नका हं. उद्या सकाळी मी स्वतः तुमच्या शेजारी बसतो. नीट चढली गाडी, तर सभेत मीच सांगेन, ठेवा म्हणून. झटका बसला, तर…”

“तर?”

“तर वयाचाही विचार करायला पाहिजे ना. तुम्हीच किती दिवस करणार हे?”

वय हा शब्द कारखानिसांना झटक्यापेक्षा जास्त लागला. रात्री पानावर त्यांनी ताक मागितलं आणि प्यायलेच नाहीत. गाडी गेली असती तर त्यांना चाललं असतं, असं ते स्वतःला सांगून बघत होते. पण गाडी जाणार होती ती ‘कारखानिसांना चालवता येईना’ या कारणासाठी. म्हणजे पुढची वीस वर्षं जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस त्यांना ओळखणार, तो गिअर न पडलेला माणूस म्हणून.

शनिवारी सकाळी भाऊरावांचा निरोप आला. मोटर जळायला आलीय, रिवाइंडिंगला न्यायचीय, एकच खेप भरून देतो, मग सोमवारपर्यंत विहीर बंद.

“एकच?” मृणालिनीबाई हातातलं उलथनं घेऊनच दारात आल्या. “म्हणजे अर्धी टाकी, आणि त्यात सगळ्या बिऱ्हाडांनी सोमवारपर्यंत काढायचं? अहो, अख्खी भरून आणा.”

“ठराव अर्ध्या टाकीचा आहे. आणि आज शेजारी टिपणीस आहे. अर्ध्या टाकीला एवढा झटका, अख्खीला गिअरबॉक्स रस्त्यावर येईल.”

“झटका काय, तुम्हाला नि टिपणिसांना बसणार. पाणी आम्हाला लागतं.” एवढं बोलून त्या आत गेल्या, कारण तव्यावर काहीतरी करपत होतं.

विहिरीवर पाणी निम्म्यावर आलं तेव्हा टिपणिसांनी सवयीने हात वर केला. “बस, बस. झालं.”

कारखानीस टाकीच्या तोंडातून आत बघत उभे होते. आत काळं पाणी हलत होतं. त्यांच्या मनात काय आलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं. नापासच व्हायचं तर रिकाम्या हाताने कशाला, असं काहीतरी.

“चालू दे, भाऊराव. काठापर्यंत.”

“कारखानीस! ठराव आहे.”

“मांडला कोणी होता?”

“तुम्ही.”

“मग मोडतोही मीच. लिहून ठेवा.”

टिपणिसांनी खरंच खिसा चाचपला, पण पेन घरी राहिलं होतं. टाकी तोंडोतोंड भरली. झाकण दाबून बसवताना पाणी सगळीकडून उसळून बाहेर आलं आणि टिपणिसांच्या चपला भिजल्या.

गाडी निघाली ती जड, शहाण्या म्हशीसारखी. एवढं ओझं घेऊन चढावर वेग पडला तर संपलंच, म्हणून कारखानिसांनी दूध केंद्र अजून चार घरं लांब असतानाच तयारी केली. समोर रांग होती. हिरवी जीप बघून बायकांनी बाटल्या पोटाशी धरल्या. लवू क्रेटवर आडवा झाला. टिपणिसांनी डोळे मिटून डॅशबोर्डची दांडी पकडली.

न्यूट्रल. रेस. क्लच. गिअर. कारखानिसांनी पाय उचलला.

काही झालं नाही.

इंजिनाचा आवाज फक्त जरा भरदार झाला, तंबोऱ्याची तार पिळून सुरात यावी तसा, आणि गाडी चढाला लागली. दूध केंद्र मागे गेलं. आरशात लवू अजून क्रेटला मिठी मारून होता. मग त्याने मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर फसवलं गेल्याचा भाव होता.

टिपणिसांनी एक डोळा उघडला. “गिअर कधी टाकताय?”

“टाकला.”

“कधी?”

“तुमचे डोळे मिटलेले होते तेव्हा.”

“कळलं नाही हो.”

पिंपळाच्या वळणावर कारखानिसांनी दुसऱ्यातून पहिल्यात आणली ती डाव्या हाताच्या दोन बोटांनी. गरज नव्हती, पण टिपणीस बघत होता.

वर बायका, पोरं, बादल्या, पिंपं, सगळी तयार होती. पाणी अख्खं आलंय म्हटल्यावर ‘ए’ विंगमध्ये जल्लोष झाला. काशीराम मेस्त्रीही मागोमाग चढून आला होता, निकाल ऐकायला.

“बघितलात? तेल माझा! तेल मुरूक येळ लागता!”

“झकास चढली हो,” टिपणिसांनी जाहीर केलं. “कमिटीचं लक्ष असलं की फरक पडतो.”

‘ए’ विंगचं भरून झालं तेव्हा टाकी निम्मी झाली होती. ‘बी’ विंगसाठी गाडी थोडी पुढे घ्यायची होती, सपाटीवरच, हाकेच्या अंतरावर. कारखानिसांनी पहिला टाकला, हलकेच पाय उचलला, आणि—

खाड्!

मान मागे, चष्मा पुढे. मग उलट. ‘बी’ विंगच्या बायका बादल्यांसकट मागे सरल्या. काशीराम दोन पावलं उताराकडे सरकला. टिपणिसांचं तोंड उघडं राहिलं.

कारखानीस खाली उतरले. गाडी थांबली होती, इंजिन बंद होतं, आणि टाकी अजून हुकावर डुलत होती. त्यांनी टाकीच्या पत्र्याला कान लावला. आत पाणी या भिंतीवरून त्या भिंतीवर जात होतं, धडकत होतं, परत येत होतं. भरलेल्या टाकीत त्याला हलायला जागाच नव्हती. अर्ध्या टाकीत ते मोकळं होतं. क्लच दाबला की गाडी जरा रेंगाळायची, पाणी पुढे धावायचं, आणि ते मागे परतून आदळायचं नेमकं तेव्हा, जेव्हा कारखानीस पाय उचलायचे.

गिअरबॉक्स निर्दोष होता. डबल क्लच निर्दोष होता. महिनाभर जो धक्का बसत होता तो त्रैराशिकाचा होता.

मृणालिनीबाई कळशी घेऊन शेजारी उभ्या होत्या. “काय ऐकताय एवढं?”

“पाणी आपटतंय. अर्धं भरलं म्हणून आपटतंय.”

“हात्तिच्या. मग अर्धं भरायचं डोकं कोणाचं?”

“माझं,” कारखानीस म्हणाले. त्यांच्या आवाजात शरम शोधायला गेलं तर सापडली नसती. गणित चुकलं होतं, हात चुकला नव्हता. यातलं कुठलं पत्करावं हे त्यांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी महिनाभरापूर्वीच सांगितलं असतं.

रविवारच्या सभेत गाडी विकायचा विषय कोणी काढलाच नाही. टिपणिसांनी उभं राहून सुचवलं की टाकी पूर्ण भरावी, आणि जुना ठराव ‘काही तांत्रिक कारणास्तव’ रद्द समजावा. सगळ्यांनी माना डोलावल्या.

“थांबा,” कारखानीस उठले. “तांत्रिक कारण वगैरे काही नाही. तो ठराव श्यामकांत कारखानीस यांनी मांडला होता आणि तो चूक होता, असं लिहा. नाव पूर्ण लिहा. आणि खाली लिहा, सदर सभासदाच्या गिअर टाकण्यात कोणताही दोष आढळला नाही.”

“हे असं इतिवृत्तात लिहीत नाहीत हो, कारखानीस.”

“तुम्ही शेजारी बसला होतात की नाही?”

“होतो.”

“कळला होता का गिअर?”

टिपणिसांनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहिलं. मागच्या खुर्च्यांवर कोणीतरी टाळी वाजवली. ती मृणालिनीबाईंची होती, पण त्यांनी ती पुढे कधीही मान्य केली नाही.

पुढच्या आठवड्यात लवूने एकदा हात दाखवून गाडी थांबवली. तक्रार होती.

“काका, हॉर्न वाजवत जा ना यार. आधी तुमचा झटका ऐकून पोरं रस्त्यातून बाजूला व्हायची. आता गाडी कधी आली न् कधी चढली, कायच कळत नाय.”

“कळत नाही?”

“आईशप्पत नाय.”

कारखानिसांनी मान हलवली, पहिल्यातून दुसऱ्यात गाडी घेतली आणि निघाले. पोरांना बघून ते वेग कमी करत, हात बाहेर काढून इशारा करत, पण हॉर्न त्यांनी शेवटपर्यंत वाजवला नाही.