थ्रीजीवरचं दर्शन

शिमग्याला मुंबईहून दीपक आला नाही, त्याने आई चिमासाठी धाडलेला थ्रीजीचा मोबाइल आला. आधी तिच्या पुतण्याच्या, महिपतच्या, साध्या फोनवर त्याने त्या डबड्याचे गुण गाऊन घेतले होते: नेट सुसाट, गाणं क्षणात उतरतं आणि बोलताना समोरच्याचं तोंड दिसतं.

"आये, कंपनी सुटी देत नाय. पालखी आली की मला फोन लाव. मी अंगनातच उभा हाय असं वाटंल तुला."

तोंड दाखवायला पोराने मोबाइल घ्यावा आणि खेडचं तिकीट काढू नये, ही अक्कल चिमाच्या घराण्यातली नव्हती.

तिला घोर वेगळाच होता. शिमग्यात घरोघर फिरणारी देवीची पालखी अंगणात आली की पहिल्यांदा खांद्यावर घ्यायची ती घरच्या पुरुषाने. नवरा गेल्यापासून दीपक दोन शिमगे फिरकला नव्हता. यंदाही नसला तर तो मान महिपतकडे जाणार होता. मानकऱ्यांच्या हातापाया पडून तिने तो पोरासाठी राखून ठेवला होता.

पालखी आली, ढोल थांबले. महिपतने फोन लावून तिच्या हातात दिला. काचेवर दीपकचं तोंड अडखळत उमटलं. पाठीमागे पांढरी भिंत.

"हापिसात हाय गो आये. आता थ्रीजीची गंमत बघ," म्हणत शहाण्याने कसलंसं बटण दाबलं आणि त्याच्या फोनचा मागचा कॅमेरा चालू झाला.

भिंत गेली. काचेवर झेंडूने मढवलेली दुसरीच पालखी आली. शेजारी गुलालाने माखलेला दीपकचा सासरा, मागे हेदवीचं ते घर, जिथे चिमा स्वतः सून पसंत करायला गेली होती. मुंबईहून हेदवीला जाणारी गाडी खेडवरूनच जाते. पोरगा आईच्या फाट्यावरून पुढे गेला होता.

"जावईबापू, खांदा द्या," सासरा हाकारत होता.

दीपकला कशाचाच पत्ता नव्हता. "आये, दिसतोय ना मी?"

"दिसतोस," चिमा म्हणाली. "तुजा सासरा खांदा मागतोय. जा."

तिने फोन तुळशीच्या कट्ट्यावर पालथा घातला. आतून "आये, आये" चाललंच होतं.

"मान महिपतचा," ती मानकऱ्यांना म्हणाली. "यंदाच नाय, कायमचा."

महिपतने पालखीला खांदा दिला. चिमा पदर सावरून देवीची ओटी भरायला पुढे झाली.