चाळीस मिनिटांची रोटी

शकिलाबीच्या हातची रोटी चांगली होती, पण ती हातात पडेपर्यंत माणसाला वैराग्य येई.

उदगीरच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी तिचं पार्सलचं दुकान. दुकान म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक तवा आणि दाळीचं पातेलं. नवरा खाजाभाई हमाली करताना पाय मोडून घरी बसला, तेव्हापासून तीच ते चालवत होती. लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती. जिल्हा मिळाला, कचेऱ्या मिळाल्या, पाऊस तेवढा मिळाला नव्हता. धरणावरून खेड्यांकडे पाणी नेणारे टँकर रात्री दहानंतर आमच्या रस्त्यानं जात, आणि त्यांचे ड्रायव्हर हेच तिचं खरं गिऱ्हाईक. म्हणून तिला रात्री बारापर्यंतचा परवाना हवा होता. दहाला बंद कर म्हटलं की धंदा संपला, आणि घरात दुसरं कमावणारं कुणी नाही.

मी नगरपालिकेत परवान्याचा कारकून. त्यामुळे माणिकप्पाची तक्रार माझ्याच टेबलावर आली.

माणिकप्पा भुसार मालाचा दुकानदार, राहायला शकिलाबीच्या अगदी समोर, माडीवर. मोठा शिस्तीचा माणूस. पहाटे अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय चहाचा घोट घेणार नाही. टँकरच्या घरघरीनं झोपमोड होते म्हणून या गृहस्थानं काय करावं? सतरा रात्री उशाशी रेडियमचं घड्याळ ठेवून टँकर किती वाजता थांबला, किती वाजता हलला, याची टिपणं काढली. रोजची चाळीस मिनिटं! चादर बाजूला सारून एकदा खिडकीतून डोकावला असता, तर पुढचं काही घडलं नसतं. पण शेजारी आपली बायको नाही, हे घड्याळात दिसत नाही.

ती खाली होती. गल्लीतल्या सगळ्या बायका खाली होत्या, माझीसुद्धा. नरसिंग ड्रायव्हरच्या टँकरचा नळ गळका होता. चालत्या गाडीतून ते पाणी रस्त्यावर सांडे, गाडी उभी राहिली की त्याखाली घागरी लागत. रोटी जितकी उशिरा, तितक्या घागरी जास्त. मग शकिलाबी लेक सासरी धाडावी तशी एकेक रोटी तव्यावरून उतरवी. नरसिंगला सगळं कळत होतं. तो बाकावर बसून बिड्या ओढी. मात्र बोभाटा झाला असता, तर गाडी दुरुस्तीला लातूरला गेली असती आणि महिनाभर तिथंच उभी राहिली असती. म्हणून सगळ्यांच्या तोंडाला कुलूप.

सुनावणीला नवे मुख्याधिकारी बसले होते, नाशिककडचे. त्यांच्यापुढं शकिलाबी डोक्यावर पदर घेऊन उभी. मागं गल्लीतल्या बायका, आणि त्यांच्यात माणिकप्पाची बायको कमलम्मा.

“बाई, चार रोट्यांना चाळीस मिनिटं?” साहेबांनी टिपणं बघत विचारलं.

खरं सांगितलं असतं, तर ती एका वाक्यात सुटली असती. ती म्हणाली, “माझा हातच हळू हाय, सायेब.”

मला लाज वाटली. तिच्या त्या हळू हातावर माझ्या घरचं वरण शिजत होतं, आणि मी पेन धरून मुका बसलो होतो. साहेब माझ्याकडं वळले. “लिहा. वेळ रात्री दहापर्यंत.”

तेवढ्यात कमलम्मा उठली, नवऱ्यापाशी गेली आणि कानडीत सुरू झाली. आमच्याकडं लिंगायतांच्या कितीतरी घरांत कानडी चालते, नाशिकला चालत नाही. नगरपालिकेचा नळ आठ दिवसांनी येतो, मग तुमच्या रोजच्या अंघोळीला आणि लिंगपूजेला पाणी कुठून येतं, हे कधी विचारलंत का, असं म्हणत तिनं घागरींपासून सगळं सांगितलं. शेवटी आवाज चढला, “नाळे नीर इल्ल!” उद्या पाणी नाही.

माणिकप्पाचं तोंड उघडंच राहिलं. मग तो साहेबांकडं वळून म्हणाला, “सायेब, माझी तक्रार मागं घेतो.”

“का?”

“आता झोप लागायली.”

साहेब चिडले, पण तक्रारदारच पालथा पडल्यावर काय करणार? “ठीक आहे, बारापर्यंत. पण अट घाला. पार्सल दहा मिनिटांत दिलं पाहिजे. गाड्या उभ्या राहायला नकोत.”

शकिलाबीचा चेहरा उतरला. मागं बायकांत कुजबुज झाली. आणि माणिकप्पाच ताडकन उठला.

“न्हाई न्हाई, सायेब! दहा मिनटांत कच्ची रोटी देईल ती. लोकाईची पोटं बिघडतील! माझ्याकडून लेखी घ्या, पर सावकाश भाजू द्या.”

“तुम्ही खाल्लीय का तिची रोटी कधी?”

“न्हाई,” माणिकप्पा खाली बघत म्हणाला. “पर वास रोज येतो.”

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि कागद माझ्याकडं सरकवला. ‘पार्सल पूर्ण भाजूनच द्यावे,’ अशी अट मी लिहिली. नोकरीत एवढं वळणदार अक्षर मी दुसऱ्यांदा काढलं नाही.

त्या रात्री माणिकप्पा स्वतः घागर घेऊन खाली आला. रांगेत सगळ्या बायकांच्या मागं उभा राहिला. त्याचा नंबर लागला तोवर चार रोट्या कागदात बांधून झाल्या होत्या आणि नरसिंग उठून उभा राहिला होता. माणिकप्पाची घागर निम्मीसुद्धा भरली नव्हती. पण थांबा असं कोणत्या तोंडानं म्हणणार?

शकिलाबीनं घागरीकडं पाहिलं. मग पुडीचा दोरा सोडला, वरची रोटी काढली आणि पुन्हा तव्यावर टाकली.

“कड कच्ची राहिली, नरसिंगभाऊ,” ती म्हणाली. “बसा जरा.”

नरसिंग बसला आणि त्यानं दुसरी बिडी पेटवली.