टोपीची ओळ

बल्गेरियात बुर्गासच्या बंदरावर समुद्राची पातळी मोजणाऱ्या केंद्रात रादोस्तीना आणि ल्युबेन सहा वर्षं एकाच संगणकावर, एकाच खात्यातून काम करत होते. तिची पाळी सकाळची, त्याची दुपारची. टर्मिनलवर वरचा बाण दाबला की आधीच्या माणसाच्या आज्ञा एकेक करून समोर येत. ओळीच्या सुरुवातीला # टाकला तर संगणक ती पाळत नाही, नुसती हिस्ट्रीत, म्हणजे जुन्या आज्ञांच्या यादीत, ठेवून देतो. या दोघांनी तिची टपालपेटी केली होती. '# चीजची बानित्सा कपाटात आहे, उंदरांच्या आधी पोच.' '# पोचलो. उंदीर नाराज.' समोरासमोर आले की मात्र दोघांच्याही तोंडाला कुलूप.

गेल्या शरदात ल्युबेन नोकरीसाठी पोर्तुगालला, पोर्तोला गेला आणि दुपारची पाळी बंदच झाली. तो हवा होता, हे रादोस्तीनाला तो गेल्यावर कळलं. फोन करायची छाती काही झाली नाही.

हिस्ट्रीत हजारच ओळी मावतात. नवी आली की सगळ्यांत जुनी पुसली जाते. मर्यादा वाढवायची तर सोफियाच्या मुख्य कचेरीला अर्ज, आणि अर्जात कारण काय लिहिणार, कपाळ? मग ती प्रत्येक आज्ञेआधी एक मोकळी जागा, म्हणजे स्पेस, सोडायला लागली. तशी ओळ हिस्ट्रीत चढतच नाही. आठ महिने तिने स्वतःची एकही ओळ चढू दिली नाही. रोज सकाळी कोट न काढताच ती पार वर जाऊन पहिली ओळ वाचायची: '# रादी, वारा फार आहे, टोपी घालून जा.'

मंगळवारी ती ओळ नव्हती. वर उंदरांची बानित्सा होती.

"पेंकामावशी, माझ्या संगणकाला हात कुणी लावला?"

शेजारच्या टेबलावरच्या पेंकामावशीने मान वर उडवली, म्हणजे नाही. "मी कशाला लावते? त्या डबड्यावर जीव टाकणारी तू एकटीच, बाई. गेलं काय एवढं?"

"टोपी," रादोस्तीना म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं.

एक ओळ गेली, म्हणजे एक नवी आली असणार. ती घाईघाईने तळाशी गेली.

'# रादी, इथला पासवर्ड कुणी बदललाच नाही. मी पोर्तोहून रोज डोकावतो. तुझ्या ओळी पुसल्या जाऊ नयेत म्हणून माझ्या आज्ञा मीही जागा सोडून देत होतो. पण आठ महिन्यांत तुझी एकही ओळ नाही. नोकरी सोडलीस की मला टाकलंस? आज शेवटचं विचारतोय.'

रोज तो येत होता, आणि त्याच्याच ओळी जपायच्या नादात तिने त्याला रोज रिकाम्या हाताने परत पाठवलं होतं. तिला स्वतःचा भयंकर राग आला.

तिने लिहायला घेतलं. सवयीने अंगठ्याने आधी जागा सोडलीच. ती तिने पुसली.

'# इथेच आहे. टोपी घालते.'

वरून बानित्सा गेली. तिने जाऊ दिली, आणि दुसरी ओळ लिहायला घेतली.