पिठावरच्या तीन रेघा

सुनेने नोकरीला जावं की जाऊ नये, हे लोक पगार बघून ठरवतात, मुलंबाळं बघून ठरवतात, नाहीतर चार माणसं काय म्हणतील ते बघून ठरवतात. मानवत गावच्या चन्नबसम्माने ते डोशाच्या पिठावर ठरवायचं म्हटलं. पुढे जे काही झालं ते या अटीमुळेच झालं, म्हणून आधी ती सांगून टाकलेली बरी.

तिच्या सुनेला, स्वप्नाला, परभणीच्या एका माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम मिळत होतं. त्यासाठी सकाळी सातची एसटी धरावी लागणार होती. नवरा मल्लेश नऊच्या सुमाराला मोंढ्याच्या बाजारातलं सरकी-पेंडेचं दुकान उघडायला जायचा आणि त्याची कशालाच ना नव्हती. सासूनेही तोंडाने नाही म्हटलं नाही. तिने फक्त पदर सावरला.

"जा की. मी कुठं आडवी पडायले?" ती म्हणाली. "पर सकाळचं खाणं मला गरम लागतंय. शिळं मी आजवर तोंडाला लावलं न्हाई."

सासूचं माहेर पार कर्नाटकाच्या कडेचं. डोसा समोर आला की तिचा राग पळतो, हे स्वप्नाला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. ती सासूला आत्या म्हणायची. "आत्या, डोशाचं पीठ रविवारी वाटून ठेवते," ती म्हणाली, "बुधवारपर्यंत पुरेल. तव्यावर पसरवायचं तेवढं यांना जमतं. गरमच खाणं झालं की!"

"बुधवारपस्तोर पीठ ऱ्हाईल?"

"फ्रिजमध्ये न राहायला काय झालं?"

"मग ठरलं. बुधवारी खाण्याजोगं असलं तर जा. नासलं तर ती परयोगशाळा इसरायची."

स्वप्नाने हसत हसत कबूल केलं. रसायनशास्त्र शिकलेली पोरगी, तिला पिठाचं काय भय! प्रयोगशाळेला महिनाअखेरपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं आणि महिना तर नुकताच सुरू झाला होता.

पहिल्या बुधवारी तिने डब्याचं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. आंबलेल्या पिठाला वास येतो तो तिला ठाऊक होता, त्या वासाने उलट भूक लागते. हा वास तसा नव्हता. पीठ चिकट, तार सुटलेलं, आणि डब्याच्या कडेला गुलाबी ठिपके. असलं पीठ भाजून खाल्लं तरी पोट बिघडायचंच. तिने ते तसंच बागेतल्या खड्ड्यात पुरलं. चन्नबसम्मा दारात उभी राहून बघत होती. "मी म्हणलं न्हवतं?" ती म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर काही फार दुःख दिसलं नाही.

स्वप्नाने महिनाअखेरपर्यंत पुन्हा करून बघायची मुभा मागून घेतली आणि ती शेजारच्या पंचफुलाकडे गेली. पंचफुलाच्या फ्रिजमध्ये आठवडाभर पीठ असायचं आणि तिची तिन्ही पोरं ते खाऊन धडधाकट होती. ती कमरेवर हात ठेवून सांगायला लागली. "फुगलं की लगेच फ्रिजात घालायचं, ओट्यावर घंटाभर बी राहू द्यायचं न्हाई. ऊन काय हाय बघायलीस ना? डबा तोंडापस्तोर भरायचा न्हाई. मीठ डोसा घालायच्या येळंला, जेवढं काढलं तेवढ्यातच. पळी कोरडी पायजे. वाडग्यात काढलेलं उरलं तर परत डब्यात वतायचं न्हाई. अन् फ्रिजच्या दारात तर ठेवूच नगंस, दार सारखं उघडतंय."

स्वप्नाने हे सगळं जसंच्या तसं केलं. डबा उकळत्या पाण्याने धुऊन उन्हात वाळवला, आतल्या बाजूला खालच्या फळीवर ठेवला, पळीसुद्धा फडक्याने दोनदा पुसली. दुसऱ्या बुधवारी पुन्हा तोच वास, पुन्हा ते ठिपके.

आता मात्र तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. तांदूळ तेच, उडीद तेच, गल्लीतली वीज जाते ती दोन्ही घरांची एकाच वेळी जाते. मग पंचफुलाकडे टिकतं ते आपल्याकडे का टिकत नाही? नोकरीची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर आता हे कोडं तिला जेवू देईना. भाजी चिरतानाही ती मध्येच उठून फ्रिज उघडून बघायची.

"तुज्या घरातच कुठंतरी पाणी मुरायलंय," पंचफुला डोळे बारीक करून म्हणाली. "म्हातारीला तू जायला पायजेस का, त्ये बघ आधी."

हे ऐकून स्वप्नाला राग आला, आणि राग आला तो हीच शंका आपल्यालाही आली होती म्हणून. त्या रविवारी तिने एकाच पिठाचे दोन डबे भरले. एक नेहमीच्या फळीवर ठेवला. दुसरा छोटा डबा खालच्या भाजीच्या खणात मेथीच्या जुडीखाली दडवला आणि कुणाला काही बोलली नाही.

बुधवारी वरचा डबा नासला होता. मेथीखालचा डबा उघडला तर पीठ पांढरं स्वच्छ, वर बारीक बुडबुडे, वास अगदी हवा तसा. स्वप्ना तो डबा हातात धरून खाली फरशीवर बसली. कोडं सुटत आल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. आपल्याला तापात रात्रभर उशाशी बसून पेज पाजणारी ही बाई आपलं पीठ नासवते? तिला फार वाईट वाटलं. सासूला तोंडावर विचारायची तिची हिंमत झाली नाही. पण न बघता राहणंही तिच्या स्वभावात नव्हतं.

पुढच्या सोमवारी ती रोजच्यापेक्षा लवकर उठली आणि स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. चन्नबसम्माची लिंगपूजा आटोपली होती. कपाळावर भस्माचे पट्टे, आणि उजव्या हाताची तीन बोटं पाण्यात कालवलेल्या भस्मात बुडवून ओली केलेली. ती बोटं घेऊन ती रोजच्यासारखी घरभर फिरायला निघाली. गॅसच्या शेगडीवर तीन रेघा. पाण्याच्या माठावर तीन. मिक्सरवर तीन. मल्लेशच्या स्कूटरच्या सीटवरसुद्धा ती रोज तीन रेघा ओढायची आणि तो रोज त्यावर बसून पँट खराब करायचा. या रेघा घरात इतक्या ठिकाणी असायच्या की स्वप्नाला त्या दिसेनाशा झाल्या होत्या.

मग चन्नबसम्माने फ्रिज उघडला. डबा बाहेर काढला, झाकण काढलं, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली, आणि ती ओली तीन बोटं पिठावरून या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढली. झाकण लावून डबा जागच्या जागी ठेवला. स्वप्ना उठेपर्यंत बुडबुड्यांनी त्या रेघा गिळून टाकलेल्या असायच्या.

स्वप्नाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आत्यांच्या मनात काही काळंबेरं नव्हतं! ती दाराआडून पुढे आली आणि हसतच सगळं सांगून मोकळी झाली, मेथीखालच्या डब्यासकट.

चन्नबसम्मा हसली नाही. "म्हंजी माज्या भस्मानं पीठ नासलं म्हणायलीस?"

"तसं नव्हे आत्या. पीठ आंबट होतं ना, तो आंबटपणाच त्याला राखतो. भस्म म्हणजे राख. ती आंबटपणा मारते. त्यात बोटं ओली, आणि तुम्ही येताना शेगडीला, माठाला, स्कूटरला लावत येता. सगळं पिठात जातं."

"माज्या सासूनं बी पिठावर रेघा वडल्या. तिचं कवा नासलं न्हाई."

"त्या पीठ त्याच दिवशी संपवत होत्या. तीन दिवस ठेवतच नव्हत्या."

सासू फ्रिजकडे वळली. मग तिच्या नजरेत राग मावळून दुसरंच काहीतरी आलं. स्वप्नाने ते ओळखलं, कारण गेले तीन आठवडे तोच किडा तिला चावत होता.

"आज नव्यानं पीठ वाट," चन्नबसम्मा म्हणाली. "दोन डबे भर. यकात मी रोज रेघा वडते, यकाला हात लावत न्हाई. माज्या डोळ्यांनी बघू दे."

मग फ्रिजवर असा पहारा बसला की मल्लेशला गार पाणी मागायची चोरी झाली. पीठ फुगून फ्रिजमध्ये गेल्यापासून म्हातारी दर सकाळी एका डब्यात रेघा ओढायची आणि दुसऱ्याकडे पाठ करून उभी राहायची. महिना संपत आला होता. प्रयोगशाळेतून एकदा फोनही येऊन गेला होता.

ठरल्या दिवशी दोन्ही डबे तिनेच उघडले. आधी रेघांचा. नाकाला पदर लावून तिने तो बाजूला सारला. मग दुसरा. त्यात वाकून तिने दीर्घ श्वास घेतला, आणि पाटावर बसली ती बसलीच.

"मी रोज काय पुटपुटायले, ठाऊक हाय का तुला?" ती म्हणाली. "सुनंला जाऊ देऊ नगंस म्हणून मागायले. मल्लेश दुकानात, तू परभणीला. मी दिसभर भिताडाशी बोलू का? पीठ नासलं की मला वाटायचं, देवानं ऐकलं. दर बुधवारी ऐकायलाय म्हणून मी नारळ बी आणून ठेवला." तिने आपली तीन बोटं समोर धरून नीट बघितली. "कशाचं ऐकलं! माजीच बोटं व्हती."

स्वप्नाला संताप आला. तीन आठवडे ही बाई आपल्याच विरुद्ध मागणं मागत होती! आणि त्याच वेळी, बोटांकडे टक लावून बसलेली ती म्हातारी बघून तिला रडूही आलं. तिने तवा ठेवला. चांगल्या डब्यातलं पीठ वाटीत काढलं, मीठ घातलं, डोसा पसरवला.

चन्नबसम्माने पहिला घास बराच वेळ चघळला. "आंबट हाय," ती म्हणाली. "पर शिळं न्हाई. कळीव त्यान्ला, येते म्हणून."

पहिल्या तारखेला स्वप्ना सातच्या एसटीने गेली. निघताना तिने वळून बघितलं तर सासू फ्रिजपाशी उभी होती आणि रेघा झाकणावर, बाहेरून ओढत होती. दुपारी प्रयोगशाळेत मातीच्या पुड्या मांडत असताना फोन वाजला.

"मी बोलायले," चन्नबसम्मा म्हणाली. "डबा उघडून बघितला. पीठ चांगलं हाय."

"आत्या, सारखा डबा उघडायचा नसतो. सकाळी काढलं की दुसऱ्या दिवशीपर्यंत बघायचं नाही."

पलीकडे झाकण लावल्याचा आवाज आला.

"मग मी तुला फोन काय म्हणून करू?"

स्वप्नाला हसू आलं. "उघडा," ती म्हणाली. "रोज उघडा. पण हात कोरडा करून."