साखळ्यांना वाव

दिल्लीबाहेर, नजफगढच्या पलीकडे, पालमकडे उतरणारी विमानं जिथे चाकं बाहेर काढतात, तिथे निवृत्त सुभेदार बळवंतांचं शेत होतं. मोहरी काढून झाली होती. उघड्या पडलेल्या जमिनीवरून लूचा तापलेला वारा वाहत होता, आणि त्यांच्या पत्नीला, अहिल्येला, सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. तिने ओसरी झाडली, पुन्हा झाडली. धूळ आपली जागा सोडायला तयार नव्हती.

आज परीक्षा होती. हिवाळ्यात बळवंतांना अर्धांगाचा झटका आला आणि छावणीच्या इस्पितळातून ते परतले ते डाव्या हाताची बोटं अर्धवट मिटलेली घेऊनच. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने, विश्वासने, तेव्हापासून एकच धोशा लावला होता: शेत विका आणि माझ्याकडे चला. अखेर काल जेवताना बापलेकांचं ठरलं. बळवंतांनी स्वतः ट्रॅक्टरला नांगर जोडून एक फेरी मारली, तर विषय संपला. नाहीतर सामान बांधायचं.

"पण मदत बिल्कुल नाही हं, बाबा."

"तुझ्या मदतीवर शेती केली असती, तर गवतच विकलं असतं," बळवंत म्हणाले होते.

अहिल्येला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काय सांगावं, हे तिचं तिलाही उमगलं नसतं. दिल्लीतल्या पहाडगंजच्या गल्लीत ती वाढली, तिथल्या मराठी शाळेत शिकली. माणसांच्या गजबजाटाची तिची भूक या सपाट मैदानात कधीच पुरती भागली नाही. मुलाच्या पुण्यातल्या घराखाली भाजीवाली बसते, कोपऱ्यावर वाचनालय आहे, हे विश्वासने सांगितल्यापासून तिच्या मनाने तिथे दोनदा बाजार केला होता. आणि तरीही, नांगरट झालेल्या रानावर संध्याकाळ उतरली की मातीचा तो ओला काळसर वास तिला जागीच धरून ठेवी. दोन ओढी तिच्या आत एकाच जुवाला जुंपल्या होत्या आणि दोन्ही वेगवेगळ्या बांधांकडे निघाल्या होत्या.

नेहमीप्रमाणे ती ट्रॅक्टरवर चढून चालकाच्या जागेवर बसली; नांगर जोडून झाला की ती उठायची आणि बळवंत तिथे बसायचे.

"आई बसलेली चालते का?" विश्वासने बांधावरून विचारलं.

"नांगर उचलायचा लीव्हर ओढायला कुणीतरी लागतंच," बळवंत म्हणाले. "ती मदत नव्हे, बैठक आहे."

बॅटरी थकलेली, म्हणून एकदा सुरू झालेलं इंजिन ते बंद करत नसत. त्या धडधडाटात शब्द ऐकू येत नसे. त्यामुळे दोघांमध्ये हातांची एक भाषा कधीच रुजली होती: मूठ म्हणजे थांबा, वर बोट म्हणजे उचल, उघडा तळवा म्हणजे सैल सोडा.

बळवंतांनी ट्रॅक्टरच्या मागचा डावा लोखंडी हात आधी जोडला, मग उजवा. त्या हातांच्या टोकांतून नांगराच्या खुंट्या आरपार गेल्या. वरचा दांडाही बसला. पिन घालताना मिटलेली बोटं दगा देऊ लागली, तेव्हा त्यांनी मनगटाने पिन दाबली. अहिल्येने नजर दुसरीकडे वळवली. त्यांना तेवढं एकटेपण तरी द्यायला हवं होतं.

उरल्या साखळ्या. दोन्ही हातांना बाजूला झुलू न देणाऱ्या त्या दोन साखळ्यांच्या मध्ये आट्यांची नळी असते. ती फिरवली की साखळी आवळते. बळवंत फिरवत राहिले. सैल पट्ट्याची शरम ज्याने उभ्या आयुष्यात बाळगली, त्या माणसाने आज, हरण्याच्या भीतीने, साखळ्या तानपुऱ्याच्या तारांसारख्या ताणल्या.

अहिल्येने साखळ्यांकडे वळून पाहिलं. नांगर जमिनीवर असताना साखळ्या किंचित लोंबत्या हव्यात. हात वर उचलले जाताना त्या आपसूक ताणतात. आधीच ताणलेल्या साखळीला मग जायला जागा उरत नाही. कडी तुटते, नाहीतर ती जिथे अडकवलेली असते ती बैठकच उखडते.

बळवंत बाजूला झाले. त्यांनी एक बोट वर केलं. उचल.

तिचा हात लीव्हरवर होता. ओढला तर एक कडी तुटेल, इतकंच. त्या कडीबरोबर हे रान, ही लू, ही रिकामी क्षितिजंही सुटतील. दोष तिच्याकडे येणार नाही. त्यांनी सांगितलं तेच तिने केलेलं असेल. डोक्यावरून एक विमान इतकं खाली गेलं की त्याची सावली नांगरावरून सरकली. आणि ओरडून सांगावं, तर मुलासमोर त्यांची परीक्षा तिथेच संपली असती.

तिने लीव्हर सोडला. चाकावरच्या पत्र्यावर तळवा उघडा ठेवला.

बळवंतांनी तो तळवा पाहिला. मग ते वाकले, आणि नळी उलटी फिरवू लागले. एका साखळीला बोटभर वाव, मग दुसरीलाही.

विश्वास धावत जवळ आला. "आई, तू खूण केलीस. मी पाहिलं."

"केली."

"मग? एकट्याने करायचं ठरलं होतं ना, बाबा?"

बळवंतांनी सदऱ्याला हात पुसले. इंजिनावर आवाज चढवून ते म्हणाले, "मदत नको, असं ठरलं होतं. एकट्याने हे काम मी कधी केलं? मी खाली, ही वर. हिने नको म्हटलं की मी थांबतो. पहिल्या दिवसापासून."

अहिल्येने त्यांच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ती स्वतःला त्या सीटवर ठेवलेलं वजन समजत आली होती.

विश्वासने सैल साखळी हाताने हलवून पाहिली. "ठीक आहे," तो शेवटी म्हणाला. "मग बाबांना नाही, तुलाच विचारतो. तुला इथे राहायचंय?"

त्या प्रश्नाची ती सकाळपासून वाट पाहत होती, आणि आता तो आला तेव्हा तिच्या आतलं काहीच स्थिर झालं नाही. भाजीवाली होती, वाचनालय होतं, मातीचा वासही होता. सगळं एकदम ओढत होतं.

"बाजूला हो, नांगर उचलतेय," ती म्हणाली.

तिने लीव्हर ओढला. लोखंडी हात संथपणे वर आले, साखळ्यांतला झोल हळूहळू भरत गेला, आणि नांगर टायरला न शिवता हवेत थांबला. बळवंतांनी बोट रानाकडे केलं: चल. यावेळी ती चालकाच्या जागेवरून उठली नाही. तिने गिअर टाकला. बळवंत बाजूने चालत निघाले.